विंडोज १० च्या जागी कोणतं लिनक्स टाकू? झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, मराठी-कन्नड दोन्ही लागतं

झेरॉक्सवाली_खानापूर

नमस्कार सगळ्यांना. खानापुरात माझं छोटं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मशिनं दोन. डेस्कटॉपवर लग्नपत्रिका, बॅनर, स्टिकर असली डीटीपीची कामं चालतात, तो सध्या बाजूला ठेवू. प्रश्न लॅपटॉपचा आहे. आय५ सहाव्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. ऑनलाइन अर्ज भरणे, व्हॉट्सॲप वेबवर आलेल्या फायली प्रिंट मारणे, आरटीसीचा (म्हणजे इकडचा सातबारा) उतारा काढणे (चंदगडकडची माणसं सातबारा काढायला पण येतात), स्त्रीशक्ती संघाच्या बायकांचे ठराव टाइप करून देणे, हे सगळं ह्याच्यावरच.

ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि ११ ह्या लॅपटॉपवर बसत नाही असं तेच सांगतंय. दुरुस्तीवाला म्हणतो नवीन घ्या. वर लोकांच्या पेन ड्राइव्हमधनं व्हायरस येऊन येऊन लॅपटॉप इतका स्लो झालाय की गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतंय आणि मी नुसती गोल फिरणारी चकती बघत बसते.

धाकटा भाऊ म्हणुलाय लिनक्स टाक, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. शोधलं तर नावं संपता संपेनात, उबुंटू मिंट झोरिन फेडोरा डेबियन आणि काय काय, आणि प्रत्येक जण आपलंच बेस्ट म्हणतो. मला काळ्या स्क्रीनवर कमांडा मारत बसायला वेळ नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप झालं पाहिजे, प्रिंटर चालला पाहिजे. कोणतं टाकू ते एक नाव सांगा प्लीज.


उद्यमबाग_फिटर

एक नाव पाहिजे तर मिंट. लिनक्स मिंट, एक्सएफसीई एडिशन (मिंटचं सगळ्यात हलकं रूप). झालं.

आता थोडं सविस्तर सांगतो ताई, कारण नुसतं नाव ऐकून टाकलंत आणि स्पीड नाही मिळाला तर लिनक्सला शिव्या घालशीला. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर काय वाईट नाही, ६ व्या जनरेशनचा आय५ तुमच्या कामाला भरपूर झाला. विंडोज ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा इंटेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं म्हणून ते नाही म्हणतंय, लॅपटॉप म्हातारा झाला म्हणून नाही. खरी बोंब तुमच्या फिरत्या हार्ड डिस्कची आहे. ती काढून साधी अडीच इंची साटा एसएसडी टाका, हे कोणताही दुरुस्तीवाला चार स्क्रू खोलून करून देतो. नंतर जमलं तर ४ जीबी रॅम वाढवा. रॅमचे भाव सध्या चढलेत म्हणून पहिला पैसा एसएसडीवर घाला.

४ जीबीवर एक्सएफसीई घ्या. ८ जीबी झाली तर मिंटचीच सिनॅमन एडिशन घ्या, ते दिसायला विंडोज ७ च्या जवळ जातं, खाली डावीकडं मेनू, उजवीकडं घड्याळ, गोंधळायचं काही कारण नाही. मिंटची २२ ची सिरीज उबुंटू २४.०४ वर बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, म्हणजे तोवर डोक्याला ताप नाही.

टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवर लाइव्ह चालवून बघा. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, मिंटच्या साइटवरनं आयएसओ (पूर्ण सिस्टिमची एकच फाइल) उतरवा (३ जीबीच्या आसपास असते), विंडोजमधे रुफस किंवा बलेना एचर घेऊन ती पेन ड्राइव्हवर चढवा आणि त्याच्यावरनं लॅपटॉप बूट करा. हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण मिंट चालतंय. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतोय का, सगळं तिथंच कळतंय. पेन ड्राइव्हवरनं चालतंय म्हणून जरा रेंगाळणार, त्यावरनं स्पीडचं माप काढू नका.


आर्च_बिर्च

आर्च लिनक्स टाका, एकदा शिकलात की आयुष्यभर सुटलात 😎


उद्यमबाग_फिटर

गप की गा. काउंटरवर माणूस उतारा मागत उभा आहे आणि ताईनी विकी वाचत बसायचं होय? इथं आधीच सांगितलंय कमांडा नको म्हणून.


निपाणी_डीटीपी

मी जरा उलट बाजूनं बोलतो. डीटीपीच्या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि घरी मिंटच वापरतो, त्यामुळं लिनक्सचा दुश्मन समजू नका.

पहिलं म्हणजे डेस्कटॉपला हात लावू नका. तुम्ही तो बाजूला ठेवलाय ते एकदम बरोबर, पण लॅपटॉप फास्ट झालेला बघून उद्या मोह होईल म्हणून सांगून ठेवतो. पत्रिकेच्या धंद्यात श्रीलिपी, कोरल, फोटोशॉप, जुनं पेजमेकर, ह्यातलं एकही लिनक्सवर सरळ चालत नाही. वाइन नावाचं एक साधन आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायला, पण डोंगलवाली श्रीलिपी वाइनमधे चालवायचा नाद धंद्याच्या मशिनवर करू नये, लग्नसराईत तर नकोच. इंकस्केप, गिंप, स्क्रायबस चांगली आहेत, फुकट आहेत, पण दहा वर्षांच्या साठवलेल्या कोरलच्या फायली त्यात जशाच्या तशा उघडतील ह्या भरवशावर राहू नका. त्या डेस्कटॉपचं इंटरनेट शक्य तितकं बंद ठेवा आणि चालू द्या.

दुसरं, घाई नको. मायक्रोसॉफ्टनं घरगुती विंडोज १० ला एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट दिलेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमधे अपडेटच्या पानावर नोंदणीचं बटण येतं. म्हणजे शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनच्या गर्दीत मशिन खोलायची गरज नाही, पावसाळ्यात जरा निवांत वेळ मिळाला की करा.

आणि तिसरं, तुम्ही बोटाचा ठसा घ्यायचं मशिन वापरता काय? आधारवाली कामं करत असाल तर त्या मशिनचं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. डिजिटल सिग्नेचरचा टोकन असेल तरी तीच कटकट. टॅलीचं पण तसंच, ते विंडोजचंच. ही तीन कामं असतील तर एका मशिनवर विंडोज राहू द्या आणि डिस्ट्रोची (कोणतं लिनक्स ह्याची) चर्चा नंतर करा.


व्हीटीयू_बॅकबेंचर

वरच्या दोघांशी सहमत, फक्त मिंटच का ह्याचं कारण कोणी दिलं नाही म्हणून मी देतो. मी ह्यातली बरीच वापरून बघितलीयत, कॉलेजच्या लॅबमधे उबुंटू आणि होस्टेलवर जे मनात येईल ते.

उबुंटू वाईट नाही, सगळ्यात जास्त माहिती नेटवर त्याचीच मिळते. पण त्याचा गनोम डेस्कटॉप विंडोजसारखा नाही, डाव्या बाजूला उभी पट्टी, मेनू वेगळा, मिनिमाइझ केलेली विंडो कुठं गेली ते नवीन माणसाला सापडत नाही. ४ जीबी रॅमवर तो जड पण जातो. शिवाय फायरफॉक्स वगैरे स्नॅप नावाच्या पॅकेजमधनं येतात, जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडायला वेळ खातात. मिंटनं स्नॅप बाय डिफॉल्ट बंदच ठेवलंय.

झोरिन हे खास विंडोजवाल्यांसाठीच बनवलेलं आहे, आयर्लंडची कंपनी. झोरिन १८ त्यांनी मुद्दाम १४ ऑक्टोबर २०२५ ला काढलं, विंडोज १० चा शेवटचा दिवस तोच 😀 दिसायला मिंटपेक्षा देखणं आहे, कोर एडिशन फुकट, प्रोला पैसे. पण ते गनोमवरच बांधलंय त्यामुळं ४ जीबीत जरा दमतं. रॅम ८ केलीत आणि चकाचक पाहिजे असेल तर झोरिन टाकायला माझी हरकत नाही.

फेडोरा मी स्वतः वापरतो आणि तुम्हाला अजिबात सांगणार नाही. एक व्हर्जन साधारण १३ महिने चालतं, मग पुढच्या व्हर्जनवर जावंच लागतं. दुकानाच्या मशिनला हे कशाला पाहिजे. डेबियन एकदम पक्कं, पण पहिल्यांदा बसवताना जे प्रश्न विचारतं त्यात नवीन माणूस अडकतो.

मिंटमधे आणखी एक गोष्ट आहे ती कोणी बोललं नाही, टाइमशिफ्ट. पहिल्या दिवशी सगळं नीट बसलं की त्याचा एक स्नॅपशॉट काढून ठेवायचा. उद्या एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते. तुमचे स्वतःचे डॉक्युमेंट त्यात नसतात हां, त्यांचा बॅकअप वेगळा, बाहेरच्या डिस्कवर.

विंडोज ठेवून बाजूला मिंट टाकणार असाल (ड्युअल बूट) तर आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचा ड्राइव्ह मिंटमधनं फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि विंडोजमधे परत गेलात की घड्याळ साडेपाच तास मागं दिसेल, घाबरू नका. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स ग्रीनिचच्या वेळेला लावतं आणि विंडोजला वाटतं तीच आपली इथली वेळ. एक छोटी सेटिंग बदलली की थांबतं, ती वेळ आली की इथं विचारा.


झेरॉक्सवाली_खानापूर

बापरे एवढं सगळं लिहिलंत, खूप आभार. ठशाचं मशिन डेस्कटॉपला जोडते, टॅली नाही, टोकन नाही. म्हणजे लॅपटॉप मोकळा आहे. एसएसडीचं दुरुस्तीवाल्याला आजच सांगितलं.

आता खरी अडचण. मी कन्नड नुडीत टाइप करते, हाताला तीच सवय. मराठी मात्र गुगलच्या जुन्या इनपुट टूलनं, इंग्लिशमधे लिहायचं आणि ते मराठी करतं. नुडी लिनक्सवर मिळतं काय? नाही मिळालं तर सगळं इथंच संपलं कारण कचेरीत द्यायचे अर्ज कन्नडमधनंच लागतात.


टिळकवाडी_दुसरं_गेट

ताई हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे म्हणून जरा लांबण लावणार, चहा घेऊन बसा.

नुडीचा प्रोग्राम लिनक्सवर नाही, पण नुडीची बोटं चालतात, आणि तुम्हाला पाहिजे ते तेच. नुडी काढलं कन्नड गणक परिषदेनं, त्यांच्या कीबोर्डच्या रचनेला कगप म्हणतात आणि कर्नाटक सरकारनं तीच रचना प्रमाण मानलीय. लिनक्समधे ही रचना आधीपासूनच आत बसलेली आहे, काही उतरवायला नको. मिंटमधे सिस्टिम सेटिंगमधे कीबोर्ड उघडा, लेआउटच्या टॅबमधे जाऊन ॲड करा, भारताच्या यादीत कन्नड शोधा, तिथं कगप फोनेटिक म्हणून दिसेल.

आणि गंमत पुढं आहे. त्याच यादीत मराठी कगप फोनेटिक पण आहे! म्हणजे कन्नडमधे क जिथं दाबता तिथंच मराठीचा क. नुडीत एफ दाबून जोडाक्षर करायची जी सवय आहे तीच मराठीला चालते. आपल्याकडं दोन्ही भाषा रोज टाइप करणारी माणसं भरपूर आहेत आणि ह्यातल्या निम्म्यांना हे माहीतच नाही, मराठीसाठी वेगळं शिकत बसतात. तुम्ही तर गुगलच्या टूलवर आहात, ते वाक्यागणिक अंदाज करतं आणि आडनावं हटकून चुकवतं. एकदा मराठी कगपवर हात बसला की परत तिकडं जाणार नाही.

एक फरक मात्र नीट समजून घ्या नाहीतर पहिल्या दिवशी वैतागाल. नुडीत शब्दाच्या सुरवातीला स्वर दाबला की पूर्ण स्वर येतो आणि व्यंजनानंतर दाबला की मात्रा येते, ते सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं. ह्या साध्या लेआउटमधे तेवढी अक्कल नाही, की दाबली की मात्राच येते, आणि इ, उ, ए असा सुटा स्वर पाहिजे असेल तर उजवीकडचं ऑल्ट धरून दाबावं लागतं. अगदी नुडीसारखंच पाहिजे असेल तर आयबस नावाची इनपुट पद्धत चालू करा आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं आयबस एम१७एन टाका, लॉगआउट करून परत या, त्यात कन्नडची केजीपी म्हणून जी आहे ती स्वर-मात्रेचं आपणहून बघते. मराठीसाठी त्याच पॅकेजमधे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक मिळतात. मी स्वतः साधा लेआउटच वापरतो, कारण त्याला कुठलं जादा पॅकेज लागत नाही आणि कधी अडत नाही.

लेआउट बदलायला ऑप्शनमधे जाऊन ऑल्ट-शिफ्ट किंवा तुम्हाला सोपं पडेल ते बटण निवडा. ह्या साध्या पद्धतीत एका वेळी जास्तीत जास्त चारच लेआउट राहतात. इंग्लिश, कन्नड, मराठी, हिंदी, आपल्या भागाला बरोब्बर चार पुरतात म्हणा 😄

जुन्या फायलींचं सांगून ठेवतो. नुडीत टाइप केलेल्या जुन्या आस्की फॉन्टच्या (त्या फॉन्टशिवाय न वाचता येणाऱ्या) फायली लिनक्सवर नुसत्या उघडल्या तर कचरा दिसेल, श्रीलिपीच्या मराठी फायलींचं पण तसंच. फॉन्टच्या फायली विंडोजमधनं कॉपी करून बसवल्या तर वाचता आणि प्रिंट करता येतात. पण पुढचं सगळं टायपिंग युनिकोडमधेच करा.


निपाणी_डीटीपी

कगपचं मला पण नवीन आहे हे, मी आपला इन्स्क्रिप्ट कीबोर्डवाला. इन्स्क्रिप्टला बरं काय तर सगळ्या भारतीय भाषांना जागा तीच, आणि आपल्याला लागणारा ऱ सरळ एका कीवर आहे, शिफ्ट धरून जे. गिऱ्हाईक, सुऱ्या, वाऱ्यावर, काही लिहा. टाइपरायटरवर शिकलेल्या जुन्या लोकांसाठी रेमिंग्टन पण मिळतं पण ते हिंदीचं आहे, मराठी मशिनशी तंतोतंत जुळत नाही.

लिबर ऑफिसमधे (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) एक काम पहिल्याच दिवशी करा. भाषेच्या सेटिंगमधे कॉम्प्लेक्स टेक्स्ट चालू करून भाषा मराठी निवडा. नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, शेंडीफोड्या श च्या जागी दुसराच दिसतो. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली आहेत तिथं भाषा मराठी केली की अक्षर आपलं होतं. पत्रिकावाल्याला हे लगेच डोळ्यात खुपतं, बाकीच्यांना कळत पण नाही.


झेरॉक्सवाली_खानापूर

कगपचं वाचून खरंच हायसं वाटलं. एसएसडी बसली, विंडोज काढून टाकलं, मिंट एक्सएफसीई पूर्ण टाकलं (जुनी हार्ड डिस्क तशीच काढून ठेवलीय सगळ्या फायलींसकट). लॅपटॉप चालू केल्यावर आता पाणी प्यायला उठेपर्यंत तयार असतोय. कन्नड चाललं, मराठीला हात अजून अडखळतोय पण येईल.

दोन गोष्टी. एक, एचपीचा जुना लेझरजेट १०२० प्लस आहे, तो दिसतोय पण प्रिंट सोडत नाही. दोन, एका शाळेतनं वर्डची फाइल आली, मराठी कन्नड मिक्स, ती उघडली तर तीन पानांची साडेतीन झाली, ओळी सगळ्या सरकल्या.


उद्यमबाग_फिटर

प्रिंटरचं सोपं आहे. ह्या १०२० ला स्वतःचं फर्मवेअर नसतं, चालू केला की कॉम्प्युटरनं ते पाठवावं लागतं. मिंटमधे एचपीलिप (एचपीच्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर) असतं, त्याचा टूलबॉक्स टाका, त्यात प्लगइन इन्स्टॉल म्हणून आहे, इंटरनेट चालू ठेवून ते एकदा करा, प्रिंटर बंद करून परत चालू करा. बास.

उद्या नवीन प्रिंटर घ्यायचा झाला तर एचपी, ब्रदर, एप्सन ह्यांचं लिनक्सला चांगलं चालतं, आणि वायफायवाले नवीन मल्टीफंक्शन बहुतेक ड्रायव्हरशिवायच चालतात, स्कॅनरसकट. जुन्या सेकंडहँड लेझरमधे कॅननचे कॅप्ट नावाची पद्धत वापरणारे जे असतात ते स्वस्तात मिळाले तरी लिनक्सवाल्यानं घेऊ नयेत.


टिळकवाडी_दुसरं_गेट

वर्डच्या फाइलचं कारण फॉन्ट. शाळेच्या मशिनवर मराठीला मंगल किंवा निर्मला आणि कन्नडला तुंगा असतो, हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट, मिंटमधे नाहीत. मग लिबर ऑफिस त्यांच्या जागी नोटो किंवा लोहित लावतं आणि त्यांची रुंदी-उंची वेगळी म्हणून ओळी सरकतात. इंग्लिशला हा त्रास कमी, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि कँब्रियाच्या मापाचा कॅलाडिया मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या कोअर फॉन्टचं एक पॅकेज आहे, त्यात एरियल टाइम्स वगैरे येतात पण मंगल-तुंगा त्यात नाहीत, तेव्हा त्याच्यावर वेळ घालवू नका.

गिऱ्हाइकाला सरळ सांगा प्रिंटची फाइल पीडीएफ करून पाठवा. आणि ज्यांना पीडीएफ म्हणजे काय ते माहीत नाही (आपल्याकडं शंभरातले नव्वद) त्यांची वर्डची फाइल डेस्कटॉपवर उघडा, तिथं विंडोज आहेच.


व्हीटीयू_बॅकबेंचर

किंवा ब्राउझरमधे वर्ड ऑनलाइन, मायक्रोसॉफ्टचं खातं असलं की फुकट, तिथं मंगल जागेवर दिसतो.


झेरॉक्सवाली_खानापूर

प्लगइननं प्रिंटर चालला 🙏

शेवटचं एक विचारते. सकाळी एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला, डेस्कटॉपवर घातला तर त्यात नुसते शॉर्टकट, फाइल एक नाही. रडकुंडीला आला होता, प्रोजेक्ट आजच द्यायचा म्हणून. मी तो मिंटच्या लॅपटॉपला लावला तर सगळ्या फायली दिसल्या! हे कसं काय? आणि लॅपटॉपला आता काही झालं नसेल ना?


उद्यमबाग_फिटर

लॅपटॉपला काही होत नाही ताई. तो शॉर्टकटचा व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला, मिंटवर तो नुसती एक पडलेली फाइल आहे, चालतच नाही. खऱ्या फायलींना तो हिडन आणि सिस्टिम अशी खूण लावून लपवतो, कधी एका बिननावाच्या फोल्डरमधे कोंबतो, आणि वर त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. लिनक्स ती विंडोजची खूण जुमानत नाही म्हणून तुम्हाला सगळं उघडं दिसलं.

आता असं आलं की पहिला पेन ड्राइव्ह मिंटलाच लावायचा, डेस्कटॉपला नाही. पोराच्या कामाच्या फायली लॅपटॉपवर काढून घ्या, पेन ड्राइव्ह तिथंच फॉरमॅट करा (एक्सफॅट किंवा फॅट३२, म्हणजे त्याला विंडोजवर चालेल), मग फायली परत टाका. शॉर्टकट आणि व्हीबीएस-ईएक्सई शेपटीच्या ज्या ओळखीच्या नाहीत त्या परत टाकू नका, नाहीतर मिंटला काही होणार नाही पण पुढच्याच्या मशिनवर तोच रोग जाईल. आणि सकाळी डेस्कटॉपला तो पेन ड्राइव्ह लावलाय तुम्ही, शॉर्टकटवर क्लिक झालं असेल तर आज रात्री दुकान बंद करताना त्यावर डिफेंडरचा (विंडोजमधल्या अँटिव्हायरसचा) पूर्ण स्कॅन लावून जा.